दिवे लावा, हीटर बंद करा: इंग्लंडच्या हिवाळ्यातली उदासी आणि बिल

प्रश्न थोडक्यात असा: लीड्समध्ये भाड्याचं जुनं टेरेस घर (रांगेतलं, शेजारच्या घराला भिंत लागून असलेलं), नवरा नोकरीला, बायको डिपेंडंट व्हिसावर घरी, चार वर्षांचं मूल. वीज आणि गॅस दोन्हींना प्रीपेमेंट मीटर, म्हणजे आधी पैसे भरायचे आणि मग वापरायचं. रोज आठ-नऊ पौंडांचा टॉप-अप जातो, म्हणून दिवसभर हीटिंग बंद ठेवून बेडरूममध्ये दोन किलोवॅटचा फॅन हीटर लावतात आणि बाकीच्या घरातले दिवे मालवून ठेवतात. नोव्हेंबरपासून सकाळी उठवत नाही, सारखी झोप येते, गोड खावंसं वाटतं, कुणाशी बोलू नये असं वाटतं. खर्चही कमी करायचा आहे आणि मनालाही उभारी हवी आहे, तर सुरुवात कुठून करायची?

या दोन गोष्टी वेगळ्या धरून उत्तर देता येत नाही. पैसे वाचवायला माणूस अंधाऱ्या खोलीत पांघरुणात बसतो, त्यामुळे उदासी वाढते, मग बाहेर पडवत नाही, आणि दिवसभर घरात असल्यामुळे हीटर चालू राहतो. तुमच्या घरात बचत चुकीच्या जागी होते आहे. दिव्यांवर वाचवताय आणि हीटरवर उधळताय. ते उलट करायचं.

आधी आकडे पाहू. दर प्रत्येक तिमाहीला बदलतात, म्हणून हिशेबासाठी (युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, गॅसलाही तेच) गॅस युनिटला 6 पेन्स आणि वीज युनिटला 26 पेन्स धरतो. तुमच्या मीटरवर किंवा ॲपमध्ये दिसणारे खरे दर घालून पुन्हा गुणाकार करा. प्रमाण फारसं बदलणार नाही.

दहा वॅटचा एलईडी बल्ब दहा तास चालला तर 0.1 युनिट, म्हणजे अडीच पेन्स. संध्याकाळी चार ते अकरा घरातले पाच बल्ब लख्ख ठेवले तरी नऊ पेन्स. तुमचा फॅन हीटर एका तासाला 2 युनिट, म्हणजे 52 पेन्स खातो. आठ तासांचे चार पौंड सोळा पेन्स. महिन्याचे सव्वाशे पौंड एका बेडरूमवर. घरातले सगळे दिवे महिनाभर लावून ठेवलेत तरी त्या हीटरच्या एका दिवसाच्या खर्चाहून कमीच लागतील.

दुकानात "ऑइल भरलेला हीटर कमी वीज खातो" असं सांगतात, ते खरं नाही. विजेवर थेट चालणारा कोणताही हीटर, फॅनचा असो, ऑइलचा असो की भिंतीवरचा पॅनेल, एका युनिट विजेतून एक युनिटच उष्णता देतो. ऑइलवाला सावकाश तापतो, सावकाश निवतो, आवाज करत नाही, एवढाच फरक. तीच उष्णता गॅस बॉयलरमधून (गॅसवर पाणी तापवून ते खोल्यांतल्या रेडिएटरांत खेळवणारं यंत्र) घेतली तर बॉयलरचं वाया जाणं धरूनही युनिटला सात पेन्सच्या आसपास पडते. विजेच्या जवळजवळ पाव भावात. त्यामुळे ज्या घरात गॅस आहे तिथे विजेचा हीटर फक्त एका कामाला: एक माणूस, एक लहान खोली, अर्धा-पाऊण तास. दिवसभर नाही.

आता उजेड. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो. लीड्समध्ये 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि पावणेचारला मावळतो. साडेसात तासही भरत नाहीत, आणि त्यातले बरेचसे ढगात जातात. शरीराचं घड्याळ डोळ्यांवर पडणाऱ्या सकाळच्या उजेडावर लागतं. तो मिळाला नाही की झोपेची वेळ पुढे सरकते, दिवसा पेंग येते, भूक भात-बटाटा-गोडाकडे वळते, मन जड होतं. ऋतूनुसार येणाऱ्या या उदासीचं वैद्यकीय वर्णन 1984 साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी केलं. तुम्ही लिहिलेली लक्षणं त्या वर्णनाशी बरीच जुळतात. पण नक्की तेच आहे असं जुळण्यावरून म्हणता येत नाही, त्याबद्दल पुढे येतो.

उजेड लक्समध्ये मोजतात. रात्री दिवे लावलेली बैठकीची खोली शंभर-दोनशे लक्सच्या आसपास असते. डोळ्यांना ती पुरेशी वाटते, घड्याळाला नाही. डिसेंबरच्या ढगाळ दुपारीदेखील बाहेर काही हजार लक्स मिळतात. म्हणून पहिला उपाय फुकटचा: सकाळी उजाडल्यापासून दुपारी दोनपर्यंत रोज अर्धा तास बाहेर. पाऊस नसेल तर नव्हे, रोज. टोपी-छत्रीत गेलात तरी डोळ्यांवर उजेड पडतोच. चार वर्षांच्या मुलाला इंग्लंडमध्ये आठवड्याला पंधरा तासांचं मोफत नर्सरी शिक्षण मिळतं, आणि ते पालकांच्या व्हिसावर अवलंबून नाही. तीन वर्षं पूर्ण झाल्यानंतरच्या सत्रापासून लागू होतं. अजून घेतलं नसेल तर जवळच्या शाळेच्या नर्सरीत विचारा. मुलाला पोचवून लगेच घरी न येता वीस मिनिटांचा लांबचा रस्ता धरायचा. एवढ्यानेच पुष्कळांचा डिसेंबर सुसह्य होतो.

दुसरा उपाय लाइट बॉक्स, म्हणजे सकाळी समोर ठेवून बसायचा प्रखर दिव्याचा पॅनेल. इथे पैसे वाया जाण्याच्या जागा बऱ्याच आहेत. जाहिरातीत "10,000 लक्स" मोठ्या अक्षरात असतं, पण किती अंतरावर ते बारीक अक्षरात. हाताच्या पंजाएवढ्या पॅनेलवर दहा-पंधरा सेंटीमीटरवर नाक टेकवून बसावं लागतं, आणि तसं कुणी आठवडाभराहून जास्त बसत नाही. निदान तीस सेंटीमीटर उंचीचं पॅनेल घ्या, 25 ते 30 सेंटीमीटरवर 10,000 लक्स देणारं, पांढऱ्या उजेडाचं, अतिनील किरण गाळलेलं. निळ्या दिव्यांच्या मागे लागू नका. उठल्यापासून तासाभरात वीस ते तीस मिनिटं. बॉक्सकडे टक लावायची नाही. टेबलावर किंचित बाजूला ठेवायचा, डोळे उघडे, तोंड त्याच्या दिशेला, आणि चहा, नाश्ता, फोन काहीही चालू द्यायचं. फरक दिसायला एक ते दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी "काही होत नाही" म्हणून कपाटात टाकलेले बॉक्स पुष्कळ आहेत.

डोकं दुखलं, डोळे चुरचुरले किंवा धडधड वाटली तर वेळ निम्मी करा किंवा अंतर वाढवा. संध्याकाळी लावला तर झोप उडते आणि दुसऱ्या दिवशी उठणं आणखी अवघड होतं, तेव्हा दुपारनंतर नको. ज्यांना स्वतःला किंवा घराण्यात बायपोलरचा त्रास आहे, डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे (मधुमेहामुळे झालेला धरून), किंवा उजेडाला संवेदनशील करणारी औषधं, जसे काही अँटिबायोटिक्स आणि मुरुमांवरच्या काही गोळ्या चालू आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. वीज म्हणाल तर अर्ध्या तासाला एक पेनीही लागत नाही. लाइट बॉक्सच्या पुराव्याबद्दल इथल्या सरकारी वैद्यकीय मार्गदर्शनात फार उत्साह नाही, हेही सांगून ठेवतो. बऱ्याच जणांना उपयोग होतो, सगळ्यांना नाही. आणि बोलण्याच्या उपचाराची जागा तो घेत नाही.

भारतात फोन करण्याची वेळही यात बसवता येते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे गेली की फरक साडेपाच तासांचा होतो. इथल्या सकाळी साडेसातला तिकडे दुपारचा एक. आईशी त्या वेळी बोललात तर लाइट बॉक्ससमोरचा अर्धा तास सहज निघतो. रात्री इथल्या दहाला फोन लावला तर तिकडे साडेतीन वाजलेले असतात, त्यामुळे फोन संध्याकाळवर ढकलणाऱ्यांचं बोलणं राहूनच जातं आणि एकटेपण वाढतं.

आता सकाळ उबदार कशी करायची, कारण गारठलेल्या खोलीत पांघरुणातून पाय बाहेर निघत नाही आणि मग वरचं सगळं कागदावरच राहतं. गॅसची उष्णता दिवसभर थोडी थोडी नको, ठरलेल्या वेळांना हवी. "मंद आचेवर दिवसभर चालू ठेवलं तर स्वस्त पडतं" हा समज हीट पंपाच्या (बाहेरची उष्णता आत ओढणारं विजेचं यंत्र) घरात काही अंशी खरा आहे. जुन्या टेरेसमध्ये, जिथे भिंतींतून उष्णता सतत निसटते, तिथे जितके तास घर गरम तितका खर्च. वेळापत्रक असं लावा: सकाळी साडेसहा ते साडेआठ, संध्याकाळी साडेचार ते साडेआठ, थर्मोस्टॅट (घराचं तापमान ठरवणारं भिंतीवरचं बटण) 19 वर. रात्री 16. एक अंश खाली आणला की हीटिंगच्या खर्चात साधारण दहा टक्के फरक पडतो, पण माणसं बसतात त्या खोलीत 18 च्या खाली नको. लहान मूल, म्हातारी माणसं, दमा किंवा हृदयविकार असेल तर बिलकूल नको. गारठ्याने रक्तदाब वाढतो, छातीचे आजार बळावतात. दुपारी घरात एकट्याच असाल तर काय, ते थोडं पुढे सांगतो.

टायमर तपासा. घड्याळं मागे गेली तेव्हा बॉयलरच्या जुन्या टायमरचं घड्याळ आपोआप बदललेलं नसतं. मग तो साडेसहा समजतो तेव्हा खरे साडेपाच असतात. घर तुम्ही झोपेत असताना तापतं आणि साबण-टॉवेल शोधेपर्यंत हीटिंग बंद पडतं. "हीटिंग लावूनही सकाळी गारच" या तक्रारीमागे नोव्हेंबरात बऱ्याचदा एवढंच असतं.

बॉयलरवर दोन आकडे असतात: एक रेडिएटरच्या चिन्हाजवळ, एक नळाच्या. गरम पाण्याची वेगळी मोठी टाकी घरात नसेल तर तुमचा कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे नळ उघडला की तेव्हाच पाणी तापवणारा. रेडिएटरचं तापमान बहुतेक ठिकाणी 75-80 वर सोडलेलं असतं. ते 60 वर आणा. आजचे बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता परत घेतात, आणि ते नीट व्हायला रेडिएटरांतून परत येणारं पाणी 55 अंशांच्या खाली असावं लागतं. 80 वर ते कधीच होत नाही. यात चुकतं कुठे? रेडिएटर पूर्वीइतका चटका देत नाही म्हणून लोक घाबरून थर्मोस्टॅट 23 वर नेतात, आणि वाचलेलं सगळं घालवतात. रेडिएटर कोमट लागला तरी खोली 19 ला पोचते, फक्त वेळ जास्त लागतो. टायमर अर्धा तास आधी लावा. कडाक्याच्या थंडीत 65-70 करा. नळाचं पाणी 48-50 पुरे, कारण 60 चं पाणी घेऊन त्यात गार मिसळण्यात अर्थ नाही. "कम्फर्ट" किंवा "प्रीहीट" असा पर्याय असेल तर "इको" करा. नाहीतर नळ लगेच गरम यावा म्हणून बॉयलर दिवसभर मधूनमधून पेटत राहतो. टाकीवालं घर असेल तर मात्र हे जसंच्या तसं करू नका. टाकीतलं पाणी 60 अंशांपर्यंत तापलंच पाहिजे, नाहीतर लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. म्हणून बॉयलर 65-70 च्या खाली नको.

बहुतेक रेडिएटरांच्या टोकाला आकड्यांची टोपी असते. ती म्हणजे नळ नव्हे, ती त्या खोलीचं तापमान ठरवते. 5 वर केल्याने खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते. बसण्याच्या खोलीत 3, म्हणजे विसाच्या आसपास. न वापरलेल्या खोल्यांत 1 किंवा 2. अगदी बंद नको, का ते बुरशीच्या भागात कळेल. भिंतीवरचा मुख्य थर्मोस्टॅट जुन्या घरांत बहुधा दारालगतच्या पॅसेजमध्ये असतो, जिथे पत्रपेटीच्या फटीतून वारा येतो. पॅसेज 19 ला पोचेपर्यंत बैठकीत 23 झालेलं असतं. दोन-तीन पौंडांचा साधा तापमापक बैठकीत ठेवा आणि पॅसेजचा आकडा त्यावरून ठरवा, मग तो 17 आला तरी चालेल.

रेडिएटर वरून गार, खालून गरम असेल तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून निवू द्या, वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी खिळ्याला रेडिएटरची किल्ली लावा, खाली फडकं धरा, डावीकडे पाव फेरा फिरवा. हिस्स आवाज येऊन पाणी दिसलं की बंद. मग बॉयलरच्या काट्यावर दाब पाहा: गार असताना 1 ते 1.5 बार. कमी झाला असेल तर खालच्या भरणाच्या नळीने पाणी सोडून आकड्यावर आणा आणि तो नळ घट्ट बंद करा. दर आठवड्याला दाब उतरत असेल तर गळती आहे, घरमालकाला कळवा. उलट, खालून गार आणि वरून गरम असेल तर तळाशी गाळ साचलाय; तेही मालकाचं काम. दव गोठणाऱ्या सकाळी बॉयलर गुळगुळ आवाज करून बंद पडला तर बाहेर भिंतीवरून उतरणारी प्लॅस्टिकची पांढरी नळी गोठलेली असते. तिच्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको, आणि बॉयलर रीसेट करा.

हे सगळं खरंच चालतंय का, ते मीटरवर कळतं. हीटिंग लावायच्या आधी आणि एक तासानंतर गॅस मीटर वाचा. घनमीटरच्या मीटरवर एक घनमीटर म्हणजे साधारण 11 युनिट. जुन्या मीटरवर घनफूट लिहिलेलं असतं. तिथे शंभर घनफूट म्हणजे साडेएकतीस युनिटांच्या आसपास. बिलात हे दोन मीटर एकमेकांत मिसळले गेले तर रक्कम जवळपास तिपटीने चुकते, म्हणून आपल्या मीटरवर काय लिहिलंय ते एकदा पाहून ठेवा.

दुपारी घरात एकट्या असताना घर नव्हे, स्वतःला गरम ठेवा. अंगावर घ्यायचा विजेचा थ्रो शंभर-सव्वाशे वॅटचा असतो. चार तासांना बारा पेन्स. फॅन हीटरला तेवढ्याच वेळाचे दोन पौंड आठ पेन्स. मांडीवर थ्रो, त्यावर पातळ गोधडी, अंगात एका जाड स्वेटरऐवजी तीन पातळ थर, पायात लोकरी मोजे. जमिनीवर बसायची सवय असेल तर लाकडी फळ्यांच्या फटींतून येणारा गारठा थेट लागतो. गालिचा आणि वर गादी टाका. थ्रो किंवा इलेक्ट्रिक ब्लँकेट घडी करून चालू ठेवू नका, त्याच्यासोबत गरम पाण्याची पिशवी वापरू नका, आणि लहान मुलाच्या अंथरुणात यांपैकी काहीच नको. रबरी पिशवीवर फुलासारखा छाप असतो, मधला आकडा म्हणजे कोणत्या वर्षी बनली ते. दोन वर्षांनी बदला, जुनं रबर फाटून भाजल्याची प्रकरणं दर हिवाळ्यात दवाखान्यात येतात. कोळशाची शेगडी किंवा गॅसच्या बर्नरवर खोली गरम करणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण, आणि या वायूला वास नसतो. बॉयलर असलेल्या खोलीत त्याचा अलार्म लावणं इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2022 पासून घरमालकाला बंधनकारक आहे.

पण एक अट: थ्रो घ्यायचा तो खिडकीजवळच्या खुर्चीत, सगळे दिवे लावून. पलंगात नाही. पलंग फक्त रात्रीचा. दिवसा डुलकी आलीच तर तीनच्या आत, वीस मिनिटं, गजर लावून. उदासीत "बरं वाटलं की करीन" असं म्हणून कामं थांबतात, आणि कामं थांबली म्हणून बरं वाटत नाही. बोलण्याच्या उपचारांत पहिल्या आठवड्यात जे शिकवतात ते असं: दिवसाला तीन गोष्टी वेळेसकट लिहा. एक शरीर हलवणारी, एक उरकून टाकायची, एक माणसाशी जोडणारी. "फिरायला जाईन" असं नको, "सव्वानऊला नर्सरीहून पार्कच्या रस्त्याने" असं. मनाला विचारायचं नाही, वेळेला विचारायचं. महाराष्ट्र मंडळात संक्रांतीला जायचं की नाही हेही डिसेंबरातच हो म्हणून टाकावं. जानेवारीतलं मन नाहीच म्हणणार.

आंघोळीवर एक हिशेब, कारण इथे आपली जुनी सवय फायद्याची आहे. नऊ किलोवॅटचा इलेक्ट्रिक शॉवर दहा मिनिटांना 39 पेन्स घेतो. पंधरा लिटरची बादली कॉम्बी बॉयलरच्या पाण्याने भरली तर चार पेन्स. बाथरूमच्या जमिनीला निचरा नसतो, तेव्हा टबात उभं राहूनच.

बुरशी मात्र हलक्याने घेऊ नका. रॉचडेलमध्ये डिसेंबर 2020 मध्ये अवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू घरातल्या बुरशीमुळे झाला, आणि त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर 2025 पासून इंग्लंडमधल्या सामाजिक घरमालकांना (कौन्सिल आणि हाउसिंग असोसिएशन) लागू झाला. भाड्याच्या खाजगी घरात हीटिंग आणि गरम पाणी चालू ठेवण्याची जबाबदारी 1985 च्या कायद्याने मालकावरच आहे. तोंडी सांगू नका. फोटो, तारीख आणि ईमेल. महिना उलटला तरी हालचाल नसेल तर कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, पर्यावरण-आरोग्य विभागाला लिहा.

आपल्या बाजूने करायचं ते एवढंच की हवेतलं पाणी कमी करायचं. कपड्यांचं एक मशीन घरात वाळत घातलं की दोनेक लिटर पाणी हवेत जातं. ते जिथे भिंत सर्वांत गार तिथे, म्हणजे बंद ठेवलेल्या खोलीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, जाऊन बसतं. म्हणून रिकामी खोली पूर्ण गार ठेवायची नाही. बाहेरच्या भिंतीपासून कपाट चार बोटं पुढे ओढा. कुकर, भात, डाळ शिजताना स्वयंपाकघराचं दार बंद आणि पंखा चालू, शिट्ट्या संपल्यावरही पंधरा मिनिटं. भांड्यांवर झाकणं. रोज सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा; हवा बदलते, भिंतींची ऊब राहते. दिवसभर खिडकी इंचभर उघडी ठेवण्यात उलट होतं. दहा पौंडांच्या आतला आर्द्रतामापक घ्या आणि आकडा 40 ते 60 मध्ये ठेवा. तरी 70 दिसत असेल तर कपडे एका लहान खोलीत, दार बंद करून, डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र) लावून वाळवा: 180 वॅटचा सहा तास चालला तर 28 पेन्स, आणि ती वीज शेवटी उष्णता म्हणून खोलीतच राहते. बुरशी पुसायच्या ब्लीचमध्ये दुसरं कोणतंही सफाईचं द्रव्य मिसळू नका.

वाऱ्याच्या फटींना पैसे थोडे लागतात आणि फरक लगेच जाणवतो: पत्रपेटीला ब्रशची पट्टी, दाराखाली कापडी लोड, एकेरी काचेच्या खिडकीवर हेअर ड्रायरने ताणून बसवायची पारदर्शक फिल्म. पडदे अंधार पडताच लावा, उजाडताच पूर्ण उघडा. रेडिएटरवर लोंबणारा पडदा सगळी ऊब काचेकडे ढकलतो. तो रेडिएटरच्या मागे खोचा.

आता तब्येतीची बाजू. जीपीकडे (इथले नेहमीचे फॅमिली डॉक्टर) जा आणि रक्ताच्या चार तपासण्या मागा: थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि लोह, बी-12, डी जीवनसत्त्व. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता फार आढळते, आणि तिचा थकवा, उदासी, विसराळूपणा हिवाळ्याच्या उदासीसारखाच दिसतो. त्यावर लाइट बॉक्स काही करणार नाही. डी जीवनसत्त्वाचा इथला सल्ला रोज 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 युनिट, ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत. सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर घ्यायचा विचार करावा. भारतातून आणलेल्या 60,000 युनिटच्या गोळ्या तपासणीशिवाय आठवड्याला घेऊ नका. हाडांसाठी डी घ्याच, पण त्याने मन ताळ्यावर येईल ही अपेक्षा नको. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पतीची गोळी इथे दुकानात मिळते. ती गर्भनिरोधक गोळ्यांचा असर घालवते आणि उदासीवरच्या औषधांसोबत घातक ठरू शकते. घरून टपालाने आलेलं अश्वगंधा चालू असेल तर तेही जीपीला सांगा.

बोलण्याच्या उपचारासाठी इंग्लंडमध्ये एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) टॉकिंग थेरपीजकडे जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं आणि दुभाषा मागता येतो. रांग असते, म्हणून आजच नोंदवा. उपचारानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात हा त्रास पुन्हा न येण्याच्या दृष्टीने ऋतूच्या उदासीसाठी बेतलेली बोलण्याची थेरपी लाइट बॉक्सपेक्षा सरस ठरल्याचं अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं आहे. एनएचएस वापरण्यासाठीचा हेल्थ सरचार्ज तुम्ही व्हिसासोबत भरलेलाच आहे. उदासीचा उपचार घेतल्याने व्हिसाला धक्का लागत नाही. दोन आठवडे रोज रडू येत असेल, मुलाचं करणं जमेनासं झालं असेल, तर हे वरचं सगळं करून पाहण्यात वेळ न घालवता जीपी. जगू नये असं मनात येत असेल तर आजच: एनएचएसचा 111 फिरवून 2 दाबा, किंवा समॅरिटन्स (मनातलं ऐकून घेणारी संस्था) 116 123, फोन फुकट आणि चोवीस तास. जिवाला धोका असेल तर 999.

पैशाच्या मदतीत व्हिसाचा प्रश्न येतो. तुमच्या व्हिसावर "सार्वजनिक निधी नाही" अशी अट असणार. युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, कौन्सिल टॅक्समधली सूट त्यात मोडतात, घेऊ नका. कौन्सिलकडून रोख मदत घेण्याआधी सिटिझन्स ॲडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेला विचारा. वीज कंपनीची स्वतःची मदत, धर्मादाय संस्थांची इंधन व्हाउचरं, वाचनालयातल्या उबदार जागा यांना ही अट लागत नाही. पाच वर्षांखालचं मूल असल्याने कंपनीच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरवर (जास्त काळजी घ्यायच्या ग्राहकांची यादी) फुकट नाव घालता येतं. टॉप-अप संपला तर आधी मीटरचं इमर्जन्सी क्रेडिट, आणि तेही संपत आलं तर कंपनीला फोन करून "अतिरिक्त सपोर्ट क्रेडिट" हे शब्द वापरून मागा. ते कर्जच असतं, हप्ता किती कापणार ते तिथेच ठरवून घ्या. आधीच्या भाडेकरूचं कर्ज मीटरवर राहिलेलं असेल तर तुमच्या टॉप-अपमधून ते कापलं जातंय का, हे स्क्रीनवर पाहा. घरात राहायला आलात त्या दिवसाचं रीडिंग आणि भाडेकरार पाठवून ते काढून घेता येतं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे गेली की हीटिंग बंद होईल, पण गॅसचा टॉप-अप पूर्ण थांबवू नका. स्थिर आकार रोजचा तीसेक पेन्स चढतच राहतो, आणि ऑक्टोबरात पहिला टॉप-अप टाकला की त्यातला मोठा वाटा या साठलेल्या थकबाकीत जातो. उन्हाळ्यात आठवड्याला दोन-तीन पौंड टाकत राहा. लाइट बॉक्स एप्रिलात ठेवून द्या आणि सप्टेंबरअखेर बाहेर काढा, त्रास सुरू व्हायच्या आधी.